माकडताप : ताप उतरला म्हणजे आजार गेला असं नाही

मंडळी, काजूची बी पडायला लागली की आपल्या दोडामार्ग-सावंतवाडी पट्ट्यात माकडतापाची बोलणी सुरू होतात. 2015 ला शेजारच्या गोव्यात सत्तरी तालुक्यात काजूच्या बागेत राबणारी माणसं आजारी पडली, 2016 ला आपल्या दोडामार्गात. आजार मात्र जुना. 1957 साली कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात तो पहिल्यांदा सापडला.

नाव माकडाचं असलं तरी चावते ती गोचीड. माकडं या आजाराने मरतात आणि त्यांच्या अंगावरच्या गोचिड्या खाली पातेऱ्यात उतरतात. डिसेंबर ते मे या काळात पातेऱ्यात तिची पिल्लं असतात, तिळाएवढी नाहीतर त्याहून बारीक. बी वेचताना, भाजावळीसाठी पातेरा गोळा करताना अंगावर चढली तरी कळत नाही.

मोबाईलवर गोचीड चावल्याच्या जागी लाल गोल चकंदळ दाखवणारे फोटो फिरतात. तो लाइम आजार, अमेरिका-युरोपकडचा, जंतूचा, अँटिबायोटिकने बरा होणारा. माकडताप विषाणूचा आहे. यात तसं चकंदळ शोधत बसू नका. दिवस मोजा.

चावल्यापासून 3 ते 8 दिवसांनी एकदम थंडी वाजून ताप येतो. कपाळ ठणकतं, कंबर-पोटऱ्या मोडून येतात, डोळे लाल होतात. तीन-चार दिवसांत उलट्या, जुलाब, कुणाला नाकातून किंवा हिरड्यांतून रक्त. तपासणीत प्लेटलेट आणि पांढऱ्या पेशी कमी दिसतात. एक-दोन आठवड्यांत बरेच जण सावरतात. पण शंभरातल्या दहा-वीस जणांना तिसऱ्या आठवड्याच्या सुरुवातीला ताप उलटतो. या वेळी तो डोक्यावर जातो. भयंकर डोकेदुखी, हात थरथरणे, नजर अंधुक, बोलण्यात गोंधळ.

आमच्या वाडीतल्या एका गड्याचा ताप दहाव्या दिवशी उतरला. बाराव्या दिवशी आकडी घेऊन दारात हजर. "भाऊ, ताप गेलो. आता घराक बसान काय करू?" त्याचंही खरं होतं. हंगाम दोन-अडीच महिन्यांचा, रोजावर घर चालतं. मी आठवड्याची उचल दिली आणि म्हटलं, तीन आठवडे पुरे होईपर्यंत बागेत पाऊल नको. त्याच्या बायकोलाही सांगून ठेवलं काय बघायचं ते. सतराव्या दिवशी सकाळी त्याच्या हातातला चहा सांडायला लागला, मुलाला भलत्याच नावाने हाक मारली. तिने वेळ घालवला नाही, गाडी बोलावून थेट दवाखाना गाठला. माणूस वाचला. पावसाळ्यात नांगर धरायची ताकद मात्र नव्हती. हा अशक्तपणा कित्येक महिने राहतो. बागेत एकटा असता तर काय झालं असतं, विचार करा.

या आजारावर खास औषध नाही. सलाईन, रक्तस्रावावर लक्ष, आराम, एवढाच उपचार, म्हणून लवकर जाणं महत्त्वाचं. शंभरात तीन ते पाच रोगी दगावतात. डॉक्टरला आपणहून सांगा, "मी काजूच्या बागेत काम करतो, गोचिडी आहेत." म्हणजे रक्त योग्य तपासणीला जातं. अंगदुखीच्या गोळ्या दुकानातून मनाने घेऊ नका, काही गोळ्यांनी रक्तस्राव वाढतो.

बागमालकांनी एवढं पाळावं :
1. गड्यांना पूर्ण बाह्यांचे कपडे, लांब पँट, मोजे. गोचीड पळवणारं तेल आरोग्य उपकेंद्रात मागा.
2. पातेऱ्यावर बसून जेवू नये. घरी आल्यावर कपडे गरम पाण्यात, आंघोळ साबणाने, आणि काखा, जांघा, कानामागे बघून घ्यावं.
3. गोचीड चिकटली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावी. विडीचा चटका, रॉकेल नको.
4. मेलेलं माकड दिसलं तर हात न लावता वनखात्याला आणि आरोग्य केंद्राला कळवा. त्या भागात काम थांबवा.
5. गुरांच्या गोचिडीचा बंदोबस्त करा. रानातून गोठ्यापर्यंत गोचीड तीच आणते.

माणसापासून माणसाला हा आजार होत नाही. रोग्याला वाळीत टाकू नका, जेवण द्या, सोबत बसा. आणि कॅलेंडरवर ताप आल्याचा दिवस लिहून तिथून 21 दिवस मोजा. तेवढे दिवस गड्याला घरी बसवायला थोडी उचल द्यावी लागली तर द्या. काजू पुढच्या वर्षी पुन्हा धरतो.