काट्याची परीक्षा

गिरगाव, मुंबई
८ जानेवारी

चि. भाचेबुवा,


दुसऱ्या महायुद्धातल्या आरमारी बॅरोमीटरचा तू पाठवलेला फोटो पाहिला. घाई करू नकोस. ऐंशी वर्षांचं, खारा वारा खाल्लेलं पितळ असं नव्या नवरीसारखं लखलखत नसतं. तबकडीवर ब्रिटिश सरकारी मालाचा तीन रेघांचा बाण आहे म्हणतोस, पण तो ठसा उठवायला पाच मिनिटं लागतात. रुरकीला असा 'जुना' माल नव्याने घडवणारे कसबी कारागीर आहेत. त्यांना मी नावं ठेवणार नाही, खोटं बोलतो तो विकणारा.

मीही फसलोय. चोरबाजारातल्या एका दुकानातून घासाघीस करून एक बॅरोमीटर आणला, भिंतीवर टांगला. सकाळी दहाला काटा १०१३ वर. दुपारी चारला १०१३. दुसऱ्या दिवशीही तेच. "हवामान बरंच स्थिर आहे हो," तुझी मामी म्हणाली. शेवटी मागचं झाकण उघडलं, तर आत डबीच नाही! हवा काढून बंद केलेली पातळ पत्र्याची वळीदार डबी म्हणजे या यंत्राचं काळीज. दाब वाढला की ती चेपते, उतरला की फुगते, आणि ती केसभर हालचाल तरफांमधून काट्यापर्यंत पोचते. माझा काटा नुसता खिळ्यावर बसवलेला होता.

दहा आणि चारच का, विचारशील. आपल्या उष्ण कटिबंधात हवेलाही भरती-ओहोटी असते. सकाळी आणि रात्री दहाच्या सुमारास दाब चढतो, पहाटे आणि दुपारी चारच्या सुमारास उतरतो. फरक दोन-तीन मिलिबारचाच, पण रोजचा. त्या त्या वेळच्या नेहमीच्या आकड्यापेक्षा काटा तीन मिलिबार खाली गेला तर दर्यावर्दी सावध होतो, आणि पाच गेला तर वादळ आलंच म्हणून समजतो. १८ डिसेंबर १९४४ ला फिलिपाइन्सच्या पूर्वेला ॲडमिरल हॅल्सीचा अमेरिकन ताफा टायफूनमध्ये शिरला. तीन विनाशिका बुडाल्या, सुमारे ७९० माणसं गेली. चौकशीत मुख्य ठपका हॅल्सीवर आला. पुढच्या फेब्रुवारीत ॲडमिरल निमिट्झने ताफ्याला पत्र धाडून बजावलं, की दुसऱ्याच्या अंदाजावर विसंबू नका, आभाळाची लक्षणं स्वतः वाचा. हे वाचल्यापासून मी रोज चारला काचेवर टिचकी मारतो.

तुमच्या ओटावात दहा-चारची ही परीक्षा चालायची नाही. तिथे येणाऱ्या-जाणाऱ्या वादळांच्या मोठ्या चढउतारात ती ओहोटी हरवून जाते. तू यंत्र हातात घेऊन लिफ्टने दहा मजले चढ. काटा साडेतीन मिलिबारच्या आसपास उतरायला हवा. शेजारी बघतील, बघू देत.

आणि तबकडीवरचे आकडे पिवळट, जाडसर रंगाने भरलेले असतील तर काच उघडू नकोस. त्या काळी अंधारात दिसण्यासाठी रेडियमचा रंग लावत. आता तो चमकत नाही म्हणून निर्धास्त राहू नकोस. विझतं ते त्यातलं चमकणारं द्रव्य. रेडियम अर्धं व्हायलाच सोळाशे वर्षं लागतात.

एक काम कर. तिथल्या युद्धसंग्रहालयात जर्मनांचं 'कुर्ट' हे स्वयंचलित हवामान केंद्र ठेवलंय. युद्धात हवामान हेसुद्धा गुपित होतं. म्हणून २२ ऑक्टोबर १९४३ ला यू-५३७ या पाणबुडीने ते चोरपावलांनी लॅब्राडोरच्या किनाऱ्यावर उभारलं. कुणाला संशय येऊ नये म्हणून डब्यांवर कॅनडाच्या एका हवामान खात्याचं नाव घातलं. तसं खातं मुळात नव्हतंच, आणि लॅब्राडोर तरी तेव्हा कॅनडात कुठे होतं! खरा उलगडा झाला १९८१ मध्ये. ते नाव दिसत असेल तर जवळून फोटो काढून पाठव. खोट्या ठशाची तेवढी एकच वस्तू मी पूर्ण किंमत मोजून घेतली असती.

तुझा,
मामा