परतीचे भाडे

दिवाळीची झाडलोट सुरू झाली, की माळ्यावरच्या ज्या वस्तू वर्षातून एकदाच उजेड पाहतात त्यांत माझी एक लाल कापडी बांधणीची हिशेबाची वही असते. दरवर्षी मी तिच्यावरची धूळ पुसतो, लक्ष्मीपूजनाला चालू वहीच्या खाली मुकाट्याने ठेवतो आणि पाडवा झाला की पुन्हा वर टाकतो. ती उघडण्याचे कारण इतक्या वर्षांत पडले नव्हते. यंदा ते माझ्या नातीने पाडले.

नातीला तीन महिने पाठीवर पिशवी टाकून आशियातून हिंडायचे आहे. कोल्हापूरहून निघावे आणि जमिनीवरूनच जावे असा तिचा मूळ बेत होता. पण नकाशा पसरून बसल्यावर तिच्या लक्षात आले, की आपल्या दोन्ही बाजूंची दारे लागलेली आहेत. पश्चिमेला अटारीची चौकी २०२५ च्या एप्रिलात बंद झाली, आणि पूर्वेला मणिपुरातल्या मोरेहून ब्रह्मदेशात उतरावे, तर तिथे २०२१ पासून यादवी पेटलेली. म्हणून विमानाने हनोई गाठायचे आणि तिथून बस, रेल्वे, होडी, जे मिळेल त्याने लाओस, थायलंड, मलेशिया करीत सिंगापूरला पोचायचे, असे ठरले.

आमच्या घरात आकड्यांचे काहीही असले, तरी ते माझ्या नजरेखालून जाते. जन्मभर कारकुनी केल्याचा एवढाच मान. तेव्हा तिने संगणकावर मांडलेले अंदाजपत्रक मला दाखवले. मी चष्मा लावून बसलो तो चुका काढायच्या तयारीने. पण पोरगी हुशार निघाली. तिने देशवार रकाने पाडले होते. राहणे, जेवण, प्रवास आणि व्हिसा निरनिराळे. हनोईत रुपयाला साधारण तीनशे डोंग पडतात, त्यामुळे आकडे लाखांत गेले होते आणि मला उगीचच श्रीमंत झाल्यासारखे वाटू लागले. तिचा एक सिद्धान्त मला फार पटला. म्हणाली, "आजोबा, पैसे मुक्कामात जात नाहीत, धावपळीत जातात. रोज गाव बदललं तर खर्च दुप्पट. एका गावी आठवडा काढला, की खोलीही स्वस्त आणि भाजी कुठं घ्यायची तेही कळतं." हे ज्ञान आमच्या काळी आम्हांला असते तर!

"आणि हे?" मी एका एकट्या आकड्यावर बोट ठेवले.

"परतीचं भाडं. ते वेगळ्या खात्यात. त्याला हात लावायचाच नाही."

मी काही बोललो नाही. तीच पुढे म्हणाली, "तुमचीही एक वही आहे ना, इस्तंबूलची? आजी सांगत होती. बघू तरी तुम्ही काय काय धरलं होतं."

इस्तंबूलची गोष्ट आमच्या गल्लीत पूर्वी सर्वांना ठाऊक होती. ती सांगणारा माझा मित्र. आम्ही त्याला कप्तान म्हणत असू आणि तो मला खजिनदार म्हणे. शाहूपुरीत त्याच्या वडिलांची गुळाची अडत होती. तिथे मी दिवाणजींच्या हाताखाली किर्द लिहीत असे. मालकाचा मुलगा आणि पेढीवरचा कारकून यांची दोस्ती वडिलांना फारशी रुचत नसे. पण संध्याकाळी रंकाळ्याच्या कट्ट्यावर मालक नसतात.

१९५७ साली लंडनहून एक बस थेट कलकत्त्याला आली होती, माणशी ८५ पौंड भाडे घेऊन. त्या बसची हकीकत कप्तानाने कुठेतरी वाचली आणि त्याच्या डोक्यात किडा शिरला. पुढे १९६२ च्या जूनमध्ये सतीशकुमार आणि मेनन हे दोघे तरुण अण्वस्त्रांचा निषेध म्हणून दिल्लीहून पायी निघाले. बरोबर पैसाच नेऊ नका, असा विनोबांनी त्यांना सल्ला दिला होता. तसे ते खरोखरच पाकिस्तान, अफगाणिस्तान, इराण तुडवीत गेले. कप्तान म्हणाला, "बघ! शून्य रुपयांचं अंदाजपत्रक!" मी म्हणालो, "त्यांना विनोबांचा आशीर्वाद आहे. आपल्याला तुझ्या वडिलांची परवानगीसुद्धा नाही." तेव्हा शून्य रद्द झाले, आणि १९६३ च्या मे महिन्यापासून दोघांनी दरमहा पंचवीस पंचवीस रुपये टाकायचे ठरले. माझा पगार एकशे दहा होता. घरी आईला मी पगार पंच्याऐंशी सांगत असे. पाप एकदा सुरू झाले, की त्याला हिशेब लागतो तो असा!

लाहोर, काबूल या वाटेने जायचे मनात होते. पण १९६५ चे युद्ध झाले आणि ती वाट आमच्यापुरती मिटली. मग मुंबईहून आखातातली बंदरे घेत बसऱ्याला जाणाऱ्या बोटीने डेकवर बसून जायचे, पुढे बगदाद, आणि तिथून टॉरस एक्स्प्रेसने हैदरपाशा. हे स्थानक इस्तंबूलचे खरे, पण खाडीच्या अलीकडचे. म्हणजे आशिया जिथे संपतो ते. कप्तानाला तेवढेच पुरे होते. बसरा ते बगदाद पूर्वी मीटरगेजच होती, आणि पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातून सामान नेऊन इंग्रजांनी ती घातली होती, हे कळल्यावर तर तो म्हणाला, "म्हणजे आपली मिरजेची गाडीच की रे ती! मिरजेला बदलायची, एवढंच."

खरी अडचण होती परकीय चलनाची. त्या काळी खास परवानगीवाचून माणसाला बरोबर तीन पौंड नेता येत. तीन पौंडांत आशिया ओलांडायचा! कप्तानाचा मामा बहारिनला तेलाच्या कंपनीत होता. तो बसऱ्याला साठ पौंड पोचवणार आणि आम्ही त्याचे रुपये इचलकरंजीला त्याच्या आईकडे भरणार, अशी तोड निघाली. हे कायद्यात बसत नव्हते. आता सांगायला हरकत नाही. आखातात तर काही ठिकाणी तेव्हा आपल्या रिझर्व्ह बँकेने काढलेला, खास तिकडचा रुपयाच चालत असे. त्या किनाऱ्याला 'परदेश' म्हणावे की नाही, असा मला पुष्कळदा प्रश्न पडे.

१९६६ च्या मे अखेर सदतीस महिन्यांची वर्गणी पुरी झाली. जमा १,८५० रुपये. खर्च असा: दोघांचे बोटीचे भाडे जाताना २९०, येताना २९०, पासपोर्ट, मुंबईचा मुक्काम, रेल्वे मिळून १२०, आणि साठ पौंडांचे, सव्वातेरा रुपयांच्या थोड्या वरच्या भावाने, ८००. एकूण १,५००. शिल्लक साडेतीनशे! त्या रात्री आम्ही गंगावेशीत उभे राहून धारोष्ण दूध प्यायलो आणि त्याचे पैसे 'किरकोळ'मध्ये टाकले.

मला त्यानंतर झोप लागेना. तोवर इस्तंबूल हे रंकाळ्यावर बोलायचे गाव होते. पैसे पुरतात म्हटल्यावर ते खरे झाले. मी पुण्यापलीकडे कधी गेलो नव्हतो. वहीत 'आजारपण' असे एक कलम होते आणि त्याच्यापुढे दोन पौंड होते. रात्री पडल्या पडल्या मी त्या दोन पौंडांकडे बघत राही. बसऱ्याला ताप आला तर? मागे आईला काही झाले तर? परत आल्यावर मालक पेढीची पायरी चढू देतील का? कप्तानाला काय, तो मुलगा होता. मी नोकर होतो. पण हे सारे त्याला सांगायचे म्हणजे भितो असे कबूल करायचे, आणि बाविसाव्या वर्षी माणूस दुसरे काहीही कबूल करील.

५ जूनच्या रात्री रुपयाचे अवमूल्यन जाहीर झाले. तेरा रुपये तेहेतीस पैशांचा पौंड एकवीस रुपयांना झाला. दुसऱ्या दिवशी पेढीवर तीच चर्चा. कप्तान माझ्यापाशी आला आणि हळूच म्हणाला, "खजिनदार, नव्यानं मांड. दोनशेपर्यंत तूट असली तर मी कुठून तरी उभे करतो. त्याच्यावर गेलं तर मात्र माझा इलाज नाही."

मी नव्याने मांडले. साठ पौंडांचे १,२६० झाले. एकूण १,९६०, म्हणजे तूट अवघी ११०. मी तो आकडा पाहिला. मग पान उलटून शेवटच्या पानावर, पुन्हा एकदा, 'परतीचे भाडे, दोघांचे – २९०' असे लिहिले आणि बेरीज केली २,२५०. तूट चारशे.

मृगाचा पहिला पाऊस पडत होता. कप्तानाने वही घरी नेली, सकाळी परत आणून दिली आणि म्हणाला, "अवमूल्यनानं इस्तंबूल खाल्लं की रे आपलं!"

आम्ही पैसे वाटून घेतले. माझ्या वाट्यातून घराची कौले बदलली. कप्तान पुढच्या वर्षी एकटाच काठमांडूला गेला, रक्सौलपर्यंत रेल्वे आणि मग घाटातून बसने. तिथे पासपोर्ट लागत नव्हता, आपला रुपया चालत होता. तरी अवमूल्यनाने त्याला तिथेही गाठले: पूर्वी आपल्या शंभरांना नेपाळी एकशे साठ मिळत, त्या वर्षी जेमतेम बरोबरी. त्याचे कार्ड आले. इस्तंबूलहून बसने आलेली गोरी पोरे तिथल्या गल्ल्यांतून हिंडताहेत, त्यांतल्या एकाचा सगळा हिशेब मी विचारून घेतला, तू असतास तर मांडून ठेवला असतास, असे त्यात होते. १९७९ साली इराणात क्रांती झाली, वर्षअखेर रशियन फौजा अफगाणिस्तानात शिरल्या आणि ती जमिनीची वाटच संपली. कप्तान पन्नास वर्षे ही गोष्ट लग्नांत, मुंजींत, पानाच्या ठेल्यावर सांगत राहिला, आणि प्रत्येक वेळी दोष रुपयावर ठेवीत राहिला. मी शेजारी उभा राहून मान हलवीत असे. २०१६ साली तो गेला.

नातीने वही मांडीवर घेतली. तिची बोटे फार भराभर चालतात. पाच मिनिटांत मान वर न करता म्हणाली, "आजोबा, इथं दोनदा धरलंय. परतीचं भाडं."

मी सांगितले. सगळे सांगितले, तिच्या आजीलाही हे ठाऊक नव्हते, ती स्वयंपाकघराच्या दारात कानोल्याचे पीठ लागलेल्या हातांनी तशीच उभी राहिली. नात बराच वेळ वहीकडे बघत होती. मग तिने ती माझ्यापुढे सरकवली. "आणि ही लाल रेघ कुणाची?"

पेढीवर हिशेब पडताळताना प्रत्येक रकमेपुढे लाल पेन्सिलीने बारीक तिरपी रेघ ओढायची पद्धत होती. कप्तान ती वडिलांकडून शिकला होता. बोटीच्या कलमापुढे ती होती, पौंडांपुढे होती, आजारपणाच्या दोन पौंडांपुढेही होती. शेवटच्या पानावर, दुसऱ्या वेळच्या २९० पुढे, रेघ नव्हती. तिथे पेन्सिल टेकवून उचलल्याचा एक लाल ठिपका होता.

मी चष्मा पुसून पुन्हा पाहिले. नातीने तिच्या मोबाइलवर तो मोठा करून दाखवला. ठिपकाच होता.

तिचे तिकीट जानेवारीचे आहे. आजारपणाला तिने किती धरले आहेत ते मी विचारले आणि त्यात माझ्याकडून थोडे घालायला लावले. यंदा लक्ष्मीपूजनाला दोन वह्या वर-खाली न ठेवता शेजारी शेजारी ठेवायच्या आहेत, आणि पाडव्याला सकाळी कप्तानाच्या घरी जायचे आहे. त्याचा मुलगा आता पेढी बघतो. गुळाच्या सौद्याच्या गडबडीत असेल, पण त्याची आई घरीच असते.