छातीसमोरचा दांडा

जुनी जीप चालवणारा माणूस लांबूनही ओळखू येतो. रस्ता सरळ, गाडीही सरळ चाललेली, पण याचे हात काही स्वस्थ नसतात. स्टेअरिंग दोन बोटं इकडे, दोन बोटं तिकडे असं चाललेलंच असतं. बघणाऱ्याला ती लकब वाटते. लकब कसली, नाइलाज असतो तो. स्टेअरिंग हललं तरी ते चाकांच्या गावीही नसतं. निरोप तिथवर पोचेपर्यंत खड्डा येऊन गेलेला असतो. गॅरेजात याला ‘प्ले’ म्हणतात. ज्यांची हयात अशा गाड्यांवर गेली ते ड्रायव्हर या प्लेबद्दल इतक्या कौतुकानं बोलतात, की कंपनीनं वेगळे पैसे घेऊन तो बसवून दिला होता की काय असं वाटावं.

माझ्याकडची जीप सीजे-३बी, उंच बॉनेटची. तिचं पूर्वायुष्य एका साखर कारखान्याच्या शेतकी खात्यात गेलं. उसाच्या नोंदी, तोडणीचे वायदे आणि शेतकऱ्यांच्या शिव्या अंगावर घेत ती बांधाबांधानं फिरली. बॉनेट उंच का, याचं उत्तर इंजिनात आहे. विलिस कंपनीनं १९५३ साली या मॉडेलमध्ये हरिकेन इंजिन घातलं. त्यात इनटेक व्हॉल्व्ह ब्लॉकमधून उचलून वर हेडमध्ये नेलेले. इंजिन उंच झालं म्हणून बॉनेटला वर सरकावं लागलं. रूपाचा विचार कुणी केलाच नव्हता, आणि म्हणूनच की काय, ती दिसते झकास. अमेरिकेत हे मॉडेल १९६८ साली थांबलं, पण आपल्याकडे त्याचा वंश पुढे कित्येक वर्षं चालू राहिला. विलिसच्या जीपचे सुटे भाग बोटीनं आणून ते इथे जोडणारी पेढी १९४५ साली ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ या नावानं सुरू झाली होती. त्यातले मलिक गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले, पुढे गव्हर्नर जनरलही झाले. इथे १९४८ साली पाटीवरचं नाव बदललं. दोन देशांच्या वाटणीत जीप आपल्या वाट्याला आली म्हणायची.

या जीपचं सगळं उघडून साफ करून पुन्हा बसवायचं, असं ठरवून मी ती कोल्हापुरात उद्यमनगरात एका मिस्त्रींकडे लावली. उद्यमनगरात गाडी लावण्याचा फायदा असा, की एखादा भाग बाजारात मिळत नसेल तर तो पलीकडच्या गल्लीत लेथवर तयार होतो. हा कोल्हापूरचा जुना वसा आहे. मिस्त्रींनी स्टेअरिंग बॉक्स उघडला आणि माझ्यासमोर फरशीवर मांडला. लांब शाफ्टच्या खालच्या टोकाला पिळदार खाच कापलेली असते, आणि त्या खाचेत लिव्हरच्या दोन निमुळत्या खुंट्या फिरतात. रॉस पद्धतीचा बॉक्स. गाडीचा जन्म बहुतेक सरळ चालण्यातच जातो, त्यामुळे ही खाच मधोमध सगळ्यांत जास्त झिजते. बॉक्सच्या बाजूला एक स्क्रू असतो. तो आवळला की मधला प्ले कमी होतो, पण मग पूर्ण वळणावर स्टेअरिंग जाम व्हायला लागतं, कारण कडेची खाच अजून कोरीच असते. बॉक्समधून ऑइल गळतं म्हणून कुणीतरी आत घट्ट ग्रीस भरून ठेवलं होतं. ग्रीस एकदा बाजूला सरलं की परत जागेवर येत नाही. खुंट्या वर्षानुवर्षं कोरड्या घासत राहिलेल्या.

इथपर्यंत प्रश्न फक्त झिजेचा होता. नवा शाफ्ट, नव्या खुंट्या, नवे बुश घातले की तो सुटला असता. बॉक्सपासून चाकांपर्यंत पिटमन आर्म, ड्रॅग लिंक, बेलक्रँक, दोन टाय रॉड अशी मोठी नातीगोती आहेत, आणि प्रत्येक सांध्यात थोडा थोडा प्ले साठतो. तेही सगळं बदलता येतं. पण फरशीवरच्या त्या शाफ्टकडे पाहता पाहता माझं लक्ष भलत्याच गोष्टीकडे गेलं. तो शाफ्ट अखंड होता. एका टोकाला बॉक्सची पिळदार खाच, दुसऱ्या टोकाला स्टेअरिंगचं चाक, मध्ये सांधा नाही, जोड नाही, वाक नाही. बॉक्स गाडीच्या पुढच्या भागात चासीला घट्ट आवळलेला. समोरून धडक बसली आणि चासीचं तोंड मागे आलं, तर तो बॉक्सही मागे येणार आणि हा पोलादी दांडा सरळ चालवणाऱ्याच्या छातीवर. इतकी वर्षं माणसं भाल्याच्या टोकासमोर बसून गाडी हाकत होती.

हा दोष एकट्या जीपचा नाही. त्या काळातल्या बहुतेक गाड्या अशाच होत्या. अमेरिकेत १९६५ साली राल्फ नेडर यांनी गाड्यांच्या असुरक्षिततेवर जे पुस्तक लिहिलं, त्यात या दांड्याची चांगलीच हजेरी घेतलेली आहे. १९६७च्या मॉडेलांपासून जनरल मोटर्सनं धडकेत दबणारा स्टेअरिंग कॉलम आणला. १ जानेवारी १९६८पासून तिथे नियमच झाला, की ताशी ४८ किलोमीटरनं भिंतीवर आदळलेल्या गाडीचा कॉलम १२७ मिलिमीटरपेक्षा जास्त मागे येता कामा नये. १२७ मिलिमीटर म्हणजे पाच इंच. नियम कोरडा आहे, पण त्या पाच इंचांच्या अलीकडे आणि पलीकडे किती घरं उभी आहेत हे मोजणं अवघड.

म्हणून ठरवलं, कॉलम बदलायचा. नव्या पिढीच्या गाडीचा, दबणारा कॉलम. आणि जुना शाफ्ट बॉक्सशी एकजीव असल्यामुळे ओघानं बॉक्सही. आतमध्ये पोलादी गोळ्या फिरवणारा, बिनपॉवरचा, साधा.

लगेच शास्त्रीबुवा जमले. जुन्या गाड्यांच्या जगात शुद्धीचे पुष्कळ पुरस्कर्ते असतात. नटाचा आकार, तारेच्या वेष्टणाचा रंग, बॅटरीवरची चिठ्ठी, सगळं मुळातलं हवं. त्यांचा मी आदर करतो. संग्रहालयात उभ्या राहणाऱ्या गाडीला त्यांचाच नियम लागू पडतो. २०२१च्या केंद्रीय नियमांतही पन्नास वर्षांहून जुनी गाडी ‘व्हिंटेज’ ठरायची तर ती मूळ रूपात हवी. चासी, बॉडी आणि इंजिनातल्या फेरफारांचा तिथे नावानिशी उल्लेख आहे. शिवाय गाडीतल्या फेरफारांना अटकाव करणारं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहेच, आणि जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यावर कडक शिक्कामोर्तबही केलं. तेव्हा पाना हातात घेण्याआधी आरटीओत विचारून घेणं शहाणपणाचं. पण माझी गाडी संग्रहालयात जायची नव्हती. ती गगनबावड्याच्या घाटात धुक्यातून जायची होती, आणि समोरून येणाऱ्या ट्रकला माझ्या गाडीच्या शुद्धीचं काय सोयरसुतक?

कॉलम भंगार बाजारातच शोधायचा होता, पण त्यातही मेख आहे. अपघातातल्या गाड्यांचे कॉलम स्वस्तात मिळतात. समोरून ठोकलेल्या गाडीचा कॉलम मात्र आपलं काम एकदा करून चुकलेला असतो. तो फुकट दिला तरी घेऊ नये. दुकानदारानं छातीवर हात ठेवून सांगितलं, “मागनं ठोकल्याली गाडी हाय साहेब, म्होरं वरखडा बी न्हाई.” मिस्त्रींनी शपथ ऐकून घेतली आणि मग खिशातून टेप काढून लांबी मोजली.

या कॉलमच्या पोटात काय असतं ते पाहण्यासारखं आहे. शाफ्ट एक नसतो, दोन असतात, एकात एक सरकणारे. दोघांना आरपार भोकं पाडून त्यांत प्लास्टिक भरलेलं असतं. बाहेरून बारीक पांढरे ठिपके दिसतात तेवढेच. हाताच्या जोरानं वळवायला ते प्लास्टिक पुरून उरतं, पण धडकेच्या रेट्यानं तुटतं आणि एक शाफ्ट दुसऱ्यात शिरतो. डॅशबोर्डाखाली कॉलम ज्या ब्रॅकेटनं लटकतो, त्याच्या बोल्टाभोवतीही अशाच सुटून येणाऱ्या कॅप्सुली असतात. ऐन वेळी कॉलमनं जागा सोडावी म्हणून.

गॅरेजातल्या पोरानं शाफ्टच्या टोकावर सांधा चढवायला घेतला. दाते थोडे धरत होते. त्यानं सवयीनं हातोडा उचलला, आणि मिस्त्री असे ओरडले की शेजारच्या लेथवरचा माणूसही थांबला. “अरं ठेव त्यो खाली! पोटात पिना हायत त्याच्या!” हातोड्याचे दोन घाव टोकावर पडले असते तर आतलं प्लास्टिक तिथेच तुटलं असतं आणि बाहेरून कुणाला काही कळलंही नसतं. मग पोरानं कानशीच्या कोपऱ्यानं दात्यांतला गंज काढला, तेलाचं बोट फिरवलं, आणि सांधा हातानंच बसला.

ब्रॅकेटवरून मात्र आमची जुंपली. जीपचा डॅशबोर्ड म्हणजे पातळ पत्रा. त्याला हा कॉलम पेलवणार नाही म्हणून मागून आडवा पाइप घालायचा ठरलं. इथवर ठीक. पुढे मिस्त्रींना ब्रॅकेट त्या पाइपला वेल्ड करून टाकायचा होता. “दोन टाके मारतो साहेब, हत्ती बांधा त्याला.” मी म्हटलं, “मिस्त्री, हत्ती बांधायचा नाही. वेळ आली तर हा सुटला पाहिजे.” त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी छपराला गळती ठेवा म्हणालो असतो तरी चाललं असतं. त्यांचंही चूक नव्हतं. त्यांची अख्खी विद्या एकाच गोष्टीवर उभी आहे: काही तुटता कामा नये. जीपची कीर्तीही त्याच्यावरच. चिखलात रुतली, नाल्यात कलंडली, तरी दोरखंड लावून ओढा आणि चालू लागा. अशा गाडीत असा एक भाग बसवायचा की ज्याचा सगळा गुण वेळेवर मोडण्यात आहे, हे पचायला जडच. माझ्या मते जुनी गाडी आणि नवी गाडी यांच्यातला खरा फरक एसी आणि पडद्यांत नाही, इथे आहे. जुनी गाडी स्वतः वाचायची. नवी गाडी मोडते आणि आतल्याला वाचवते. अखेर मिस्त्री कबूल झाले आणि त्यांनी कॅप्सुलीसकट ब्रॅकेट बोल्टांवर बसवला. पटलं मात्र नसावं.

आता कॉलम एका रेषेत, बॉक्स दुसऱ्या रेषेत, आणि मध्ये इंजिन व मडगार्ड यांच्यामधली अरुंद फट. त्यातून वाट काढायची ती क्रॉस घालून. प्रोपेलर शाफ्टला असतो तोच क्रॉस, फक्त धाकटा. सतराव्या शतकात रॉबर्ट हुक यांनी या सांध्याचं वर्णन करून ठेवलं आहे, आणि त्याची खोडही तेव्हापासूनचीच. वाकलेल्या सांध्यातून फेरी सारख्या गतीनं पलीकडे जात नाही. ३० अंशांचा कोन असेल, तर एका फेरीत दोनदा पलीकडचा शाफ्ट सुमारे १५ टक्क्यांनी पुढे पळतो आणि दोनदा १३ टक्क्यांनी मागे रेंगाळतो. हाताला ते जात्यात खडा आल्यासारखं लागतं, कुठे हलकं, कुठे जड. इलाज असा, की क्रॉस दोन घालायचे, दोन्हींचे कोन सारखे ठेवायचे, आणि मधल्या शाफ्टचे दोन्ही चिमटे एका रेषेत. मग एकाची चूक दुसरा फेडतो. चिमटे काटकोनात बसले तर मात्र चूक दुप्पट होते.

म्हणून आधी लोखंड कापलंच नाही. प्लंबिंगचा पांढरा पाइप आणला, बॉक्सपासून कॉलमपर्यंत तो अडकवून पाहिला, ओळंबा सोडला, शाळकरी कोनमापकानं कोन मोजले. पायाला क्लच लागतोय का, सीटवर बसल्यावर चाक छातीसमोर येतंय की डाव्या खांद्यासमोर, हे सगळं त्या फुटकळ पाइपावर ठरलं. मिस्त्री मध्येच वाकून डोळा लावायचे आणि पुन्हा एक पाचर सरकवायचे. खरं काम हेच. लोखंडाचं काम त्यानंतर अर्ध्या दिवसात उरकलं.

चाक मात्र जुनंच ठेवलं. नव्या शाफ्टचे दाते त्याला जुळत नव्हते, तेव्हा मधला बुश लेथवर करून घेतला. कारखान्याच्या कुठल्याशा ड्रायव्हरनं अंगठा ठेवून ठेवून घासलेली जागा त्या चाकावर आहे, आणि शास्त्रीबुवांना दाखवायला तेवढं पुरे.

गाडी आता सरळ जाते. सुरुवातीला हात उगाच हलत राहिले, मग थांबले. शास्त्रीबुवा विचारतात तेव्हा मी सांगतो: संग्रहासाठी असेल तर हात लावू नका, रस्त्यावर काढायची असेल तर कॉलम बदला. बदलाल तेव्हा स्टेअरिंगचा शाफ्ट कापून वेल्डिंगनं जोडून देणाऱ्याच्या दारात उभे राहू नका, तो कितीही स्वस्तात देवो. सांधा दात्यांचाच घ्या. त्याचा बोल्ट शाफ्टवरच्या खाचेतून आडवा गेलाय ना, हे स्वतः वाकून बघा. तो तसा गेला असेल तर नट ढिला पडला तरी सांधा निसटत नाही. आणि जुना दांडा भंगारात घालू नका. तेल लावून, पोत्यात गुंडाळून माळ्यावर ठेवा. गाडी कधी दुसऱ्या हातात गेली तर तो तिच्याबरोबर द्या; परत बसवायचा की नाही, ते नवा मालक ठरवील.