बोटीच्या पोटांतलें पाणी

बेलापूरच्या किल्ल्याचे जे कांहीं अवशेष उरले आहेत, त्यांच्यापासून थोड्याच अंतरावर दिवाळे हें कोळ्यांचें गांव आहे. नवी मुंबई वसविण्यासाठीं १९७० सालीं सिडकोची स्थापना झाली. गांव त्याहून पुष्कळ जुनें. गेल्या माघांत आम्ही घरचीं सात माणसें तेथून एका कोळ्याच्या मोटरबोटींतून घारापुरीस गेलों. ओहोटीबरोबर खाडींतून बाहेर पडावयाचें आणि भरतीबरोबर परतावयाचें, असा बेत होता. लेण्यांविषयीं पुष्कळांनीं पुष्कळ लिहिलें आहे, तेव्हां त्यांत मी भर घालीत नाहीं. मला लिहावयाचें आहे तें बोटीच्या तळाशीं साचणाऱ्या पाण्याविषयीं. आणि त्याला कारण आमच्या थोरल्या काकू.

काकूंचें माहेर अलिबागेकडचें. १७ जुलै १९४७ रोजीं मुंबईहून रेवसला निघालेली 'रामदास' बोट काशाच्या खडकाजवळ उलटली, त्या वेळीं त्या सात वर्षांच्या होत्या. सहाशेंहून अधिक माणसें बुडालीं. काकूंच्या घरचें कोणी बोटीवर नव्हतें. परंतु दिव्यांच्या अमावास्येस शेजारच्या दोन घरांत दिवे लागले नाहींत, एवढें त्यांना आठवतें. तेव्हांपासून त्यांनीं बोटींत पाय ठेवला नव्हता. या खेपेस त्या कशा तयार झाल्या तें त्यांनाच ठाऊक. धक्क्यावर येतांच त्यांनीं तांडेलास पहिला प्रश्न केला, "बाबा रे, तुझ्या बोटींत पाणी येतं का?"

पंप आहे, काळजी नको, असें उत्तर मिळेल अशी माझी अटकळ. तांडेल म्हणाला, "आजी, पानी येनारच. जिच्यांत पानी येत नाय अशी बोट मी पायली नाय." आणि त्यानें पायांखालची फळी उचलून काकूंना बोटीचें पोट दाखविलें. तळाशीं चार बोटें काळसर, तेलकट पाणी हालत होतें.

पंख्याचा दांडा ज्या भोंकांतून बाहेर समुद्रांत जातो, तेथें चरबी लावलेला दोर ठासून बसविलेला असतो. दांडा फिरत असतां तेथून मधूनमधून थेंब पडला पाहिजे. तो दोर अगदीं कोरडा पडला तर तापून जळावयाचा. म्हणजे थोडें पाणी आंत घेणें हा बोटीचा दोष नसून धर्म आहे! शिवाय लाटांचे तुषार, पाऊस, फळ्यांच्या सांधी. हें सारें सर्वांत सखल जागीं जमतें. तेथें विजेचा लहानसा पंप आणि त्याच्याजवळ तरंगता खटका असतो. पाणी चढलें कीं खटका वर उचलला जातो व पंप सुरू होतो, उतरलें कीं थांबतो. पाणी बाहेर टाकणारी नळी मात्र समुद्राच्या पातळीहून चांगली उंच काढावी लागते, नाहीं तर समुद्रच तिच्यांतून आंत यावयाचा.

युक्ति सोपी आहे, आणि म्हणूनच माणूस तिच्यावर फार विसंबतो. पंपावर तासाला इतके लिटर असा जो आंकडा छापलेला असतो, तो पाणी वर चढवावयाचें नसतांचा. नळीची उंची, तिचीं वळणें व उतरलेली बॅटरी यांनीं तो पुष्कळच खालीं येतो. आतां दुसरा हिशेब पाहा. पाण्याखालीं दोन फुटांवर दोन इंच रुंदीचें भोंक पडलें, तर मिनिटाला दोनशेंहून अधिक लिटर पाणी आंत येतें. म्हणजे दर तीन सेकंदांस साधारण एक बादली. लहान बोटीच्या पंपाची ती छाती नव्हे. पंपाचें काम नेहमींचें पाणी काढण्याचें, आणि संकटांत भोंक सांपडेपर्यंत थोडी सवड मिळवून देण्याचें. म्हणून आमच्या तांडेलानें समुद्राचें पाणी घेणाऱ्या प्रत्येक तोंडाशीं मऊ लांकडाची निमुळती खुंटी दोरीनें बांधून ठेवली होती. ती पाहून काकू म्हणाल्या, "हे बरं केलंस."

परततांना ऊन कललें होतें. अटल सेतूचे खांब समोर दिसूं लागले. दर अर्ध्या तासानें फळी उचलण्याचा तांडेलाचा परिपाठ होता. या वेळीं उचलली तों पाणी वीतभर, आणि पंप गप्प! जाळ्याच्या दोऱ्याचा एक तुकडा तळच्या पाण्यांतून वाहत येऊन खटक्याला वेढून बसला होता, त्यामुळें खटका वर येऊंच शकत नव्हता. पाणी येत होतें तें इंजिन थंड ठेवणाऱ्या नळीच्या सैल पडलेल्या पट्ट्यांतून. त्यानें इंजिन बंद केलें व नळीचा कॉक फिरविला. खलाशानें नांगर टाकला, कारण भरतीची ओढ बोटीला सरळ खांबांकडे नेत होती. आमचीं मुलें काय झालें तें पाहावयास एका कडेला धांवलीं.

त्यासरशीं काकू ओरडल्या. त्यांचा तसा आवाज मीं पूर्वीं कधीं ऐकला नव्हता. "खालीं बसा! मधें बसा सगळे!"

'रामदास' तळाला भोंक पडून बुडाली नाहीं; पावसाळी समुद्रांत लाटेचें पाणी वर आलें, भ्यालेले उतारू दुसऱ्या बाजूला धांवले, आणि बोट कलंडली. पोटांतलें पाणीहि तसेंच वागतें. बोट जिकडे झुकेल तिकडे तें धांवतें आणि तिला आणखी झुकवितें. त्या दहा मिनिटांत माझ्या थोरल्या पुतण्यानें हातपंप मारला, मुलें मधें गप्प बसलीं, आणि काकूंनीं दोघींचे हात घट्ट धरून ठेविले. पट्टा आवळून, दोरा काढून तांडेलानें इंजिन पुन्हां सुरू केलें, तेव्हां कुठें त्यांनीं ते सोडले.

प्रत्येक आघाताला असा उपाय नसतो. १८ डिसेंबर २०२४ रोजीं याच पाण्यांत, घारापुरीच्या वाटेवर, चांचणी चाललेली नौदलाची वेगवान नौका 'नीलकमल' या प्रवासी बोटीवर आदळली आणि पंधरा माणसें गेलीं. अशा वेळीं पंप काय करणार? अंगांत आधींच घातलेलें जाकीट तेवढें उपयोगी. आम्हीं तीं घातलीं होतीं. उकडतें म्हणून कुरकुर केली ती मींच.

आमचें बिऱ्हाड बेलापुरांत एका धारणतलावासमोर आहे. इकडची बरीच वस्ती खाडीकांठच्या सखल जमिनीवर भर घालून झालेली. मोठ्या भरतीचें पाणी कांहीं भागांहून उंच चढतें. म्हणून डच लोकांच्या धर्तीवर हे तलाव योजले. भरती आली कीं खाडीकडच्या झडपा पाण्याच्या दाबानें मिटतात, पावसाचें पाणी तलावांत थांबून राहतें, आणि ओहोटीला बाहेर जातें. कांहीं ठिकाणीं पंपहि आहेत. इतकीं वर्षें मी त्या तलावाकडे शोभेची जागा म्हणून पाहत होतों! बोटींतून उतरल्यावर तो मला निराळाच दिसूं लागला. त्यांत गाळ सांचला, गाळांत खारफुटी वाढली. तिला कायद्याचें व न्यायालयाचें संरक्षण, तेव्हां गाळ काढण्याच्या परवानगींत कित्येक पावसाळे गेले. खारफुटी राहिली पाहिजे हें मला मान्य आहे. परंतु तलाव उथळ झाला म्हणजे त्यांत पाणी कमी मावतें, आणि झडपेंत कचरा अडकला म्हणजे ती पुरती मिटत नाहीं, याला कोणाची परवानगी लागत नाहीं.

पुढें आषाढ अमावास्येस सकाळपासून मुसळधार पाऊस लागला. काकू खिडकीशीं बसून दिव्यांच्या वाती वळीत होत्या. त्यांनीं विचारलें, "आज भरती किती वाजतां रे?"

"साडेबाराच्या सुमारास," मीं पाहून सांगितलें.

त्यांनीं घड्याळाकडे पाहिलें. दहा वाजले होते. मग कोनाड्यांतली छत्री माझ्या हातीं देऊन त्या म्हणाल्या, "जा, लांबूनच बघ, पण झडपेपाशीं कांहीं अडकलं असेल तर आत्तांच त्या माणसांना सांगून ये."