अंकापुढचे टिंब

टिंबाला आपल्याकडे फारसा मान नाही. पाटीवर चुकून उमटले तर बोटाने पुसून टाकावे, एवढीच त्याची किंमत. मी मात्र गेली काही वर्षे टिंबांच्या जिवावर दोन घास खातो आहे. जळकोटात घरी बसून मी जर्मन कागदांचे मराठी करतो आणि त्यात रेल्वेचे कागद पुष्कळ. गावाला रेल्वे नाही. आगगाडी पाहायची तर उदगीर गाठावे लागते. माझ्या टेबलावर मात्र रूळ, ब्रेक आणि बोगी यांची रास! शेजाऱ्यांना याचे भारी हसू येते. पण ज्या 'एलएचबी' डब्यांतून आपण मुंबईला जातो, त्यांतली शेवटची दोन अक्षरे हॉफमान आणि बुश या जर्मन नावांची आहेत, हे त्यांना कोण सांगणार? आता लातुरातही डब्यांचा कारखाना झाला. २०२० च्या डिसेंबरात तिथे पहिला सांगाडा तयार झाला.

तर हे टिंब. जर्मन माणूस नुसता '३' लिहितो तेव्हा ते तीन असतात, '३.' लिहिले की तिसरा. आपण '३ रा' लिहितो, इंग्रज आकड्याला दोन अक्षरांची शेपटी लावतो, जर्मन मात्र एका ठिपक्यावर भागवतो. तिसरा, तिसरी की तिसरे, हे वाचणाऱ्याने पुढच्या शब्दावरून ओळखायचे. कारण त्यांच्याकडेही आपल्यासारखीच तीन लिंगे! इंग्रजीला ही कटकटच नाही. गणिती 'एन' आला की जर्मन 'एन-टर' डबा, 'एन-टे' पट्टी, 'एन-टेस' चाक असे लिहितो, आणि मी निमूटपणे एन वा, एन वी, एन वे करीत जातो. इंग्रजीची मध्यस्थी नसली की किती बरे वाटते! 'एन'ऐवजी आपला 'न' घ्यावा असे एकदा मनात आले होते, पण 'न वा डबा' कामगाराने 'नवा डबा' असा वाचला तर?

गेल्या पावसाळ्यात दुसऱ्या कोणी केलेला एक मसुदा माझ्याकडे तपासायला आला. मुळात होते, 'येडे १०. श्वेले', म्हणजे दर दहावा स्लीपर तपासावा. मसुद्यात टिंब गळाले होते आणि वाक्य झाले होते, 'प्रत्येक वेळी १० स्लीपर तपासावेत.' मी फोन केला. पलीकडचे गृहस्थ म्हणाले, "अहो, एका टिंबासाठी एवढी चिरचिर कशाला? दहा ते दहाच की!"

ओसरीवर आमचे थोरले चुलते, तात्या, बसले होते. त्यांचा सारा जन्म विकाराबाद-परळी मार्गावर गँगमन म्हणून गेला. त्यांना सारे ऐकू गेले. "लेकरा," ते म्हणाले, "धा अन् धाव्वा एकच कसं? धा बघितले की माणूस घरी जातंय. धाव्वा बघायचा म्हणलं की शेवटपत्तर चालावं लागतंय."

मी वहीत हे टिपून ठेवले. व्याकरणाच्या एकाही पुस्तकात मला इतके नेमके सापडले नव्हते.

त्या दिवशी तात्या खुलले होते. मी सांगितले, जर्मन माणूस साडेतीन वाजले की 'हाल्ब फीर' म्हणतो, म्हणजे अर्धे चार. चौथा तास अर्धा भरला असा हिशेब. तात्या हसले. "मग आमचं औट काय निराळं हाय?" म्हातारा अचूक बोलला होता! संस्कृतातले 'अर्धचतुर्थ', चौथा अर्धा, झिजत झिजत 'औट' झाले. 'अर्धतृतीया'चे अडीच झाले. औट घटकेचे राज्य आपण रोज बोलतो, पण त्यात एक क्रमवाचक लपून बसला आहे हे कुणाच्या ध्यानीमनी नसते. तात्यांनी लगेच औटकी सुरू केली. दोनाला सात, तिनाला साडेदहा, चाराला चौदा. दहापर्यंत कुठे अडले नाहीत. माझ्या मुलाने पाढा मोबाइलवर पडताळून पाहिला आणि गप्प बसला.

संध्याकाळी मी मसुदा दुरुस्त करायला घेतला. '१० वा' असे लिहिले आणि तात्यांना वाचून दाखवले. ते म्हणाले, "आकडा नगं. सावकाराच्या कागदावर लिहितेत तसं अक्षरात लिव्ह."

मी खोडले आणि लिहिले : दर दहावा स्लीपर.