वाकवलेले खिळे

चाळिशी उलटली की माणसाला एखादे निरुपद्रवी वेड असावे. त्यामुळे तो घरच्या मंडळींना थोडा तरी सोसवतो, असे माझे मत आहे. कुणी टपालाची तिकिटे जमवतो, कुणी गच्चीत वांगी लावतो. मी गेल्या वर्षी मुंबईच्या चोरबाजारातून, मटन स्ट्रीटवरच्या एका दुकानातून, पिनबॉलचे जुने यंत्र विकत आणले. किंमत चौदा हजार रुपये. माझ्या एका कादंबरीच्या दुसऱ्या आवृत्तीचे सारे मानधन त्यात गेले.

यंत्र म्हटल्यावर दिवे लुकलुकणारी, घंटा वाजवणारी अवाढव्य पेटी डोळ्यांसमोर आणू नये. हे १९३१-३२ च्या सुमाराचे शिकागोचे काम. लाकडी पेटी, वर काच, खाली उतरता पाट. विजेचा पत्ता नाही आणि पायही नाहीत, कारण ती दुकानाच्या काउंटरवर ठेवायची असे. ज्यांच्या घरी लहानपणी बॅगाटेल होते त्यांना अधिक सांगायला नको. खटक्याने गोळी उडवायची, ती वरच्या कमानीवरून वळसा घेऊन खिळ्यांच्या गर्दीत शिरते आणि ठेचकाळत एखाद्या भोकात पडते. भोकाचा जो आकडा असेल तितके गुण. बेरीज आपली आपण करायची. फरक एवढाच की इथे आधी खाचेत नाणे ठेवून सरकपट्टी आत ढकलावी लागते. तेव्हा कुठे गोळ्या मोकळ्या होतात.

तो स्प्रिंगचा खटका माँटेग्यू रेडग्रेव्ह नावाच्या गृहस्थाचा. मूळचा इंग्रज, राहायला अमेरिकेत सिनसिनाटीला. १८७१ मध्ये त्याने बॅगाटेलमधल्या या सुधारणेचे पेटंट घेतले. पण खेळाचे वेड पसरले ते पुढे साठ वर्षांनी, महामंदीत. शिकागोच्या डेव्हिड गॉटलीबने १९३१ साली ‘बॅफल बॉल’ हे यंत्र साडेसतरा डॉलरला विकायला काढले आणि पन्नास हजारांवर खपवले. माल पुरेना, तेव्हा त्याच्याकडून यंत्रे घेऊन विकणाऱ्या रेमंड मोलोनीने १९३२ मध्ये स्वतःचेच ‘बॅलीहू’ काढले. हाताला काम नाही, खिशात एखाद-दुसरा सेंट आहे, अशा माणसाला तेवढ्यात पाच-सात गोळ्या मिळत. बेकाराला याहून स्वस्तात आशा कुठे मिळणार?

गोळी परतवणारे ते पंखे, ज्यांना फ्लिपर म्हणतात, ते १९४७ च्या ‘हम्प्टी डम्प्टी’ या यंत्रात प्रथम आले. त्याआधी खटका सोडला की माणसाचे काम संपले. फार तर पेटीला धक्का द्यायचा. आणि त्यालाही हॅरी विल्यम्सने ‘टिल्ट’ची युक्ती काढून आळा घातला. एका बैठकीवर लहानशी गोळी ठेवलेली असे. पेटी हलवली की ती पडे आणि चोरी उघडी होई. आमच्या पेटीत ती सोय नाही.

पेटी घरी आली त्या संध्याकाळी सर्वांनी काच पाहिली, खिळे पाहिले. माझ्या आत्याने तेवढी खाच पाहिली.

“अरे, यात पैसे टाकतात ना?”

“टाकायचे. ऐंशी-नव्वद वर्षांपूर्वी, अमेरिकेत.”

“मग झाकून ठेव,” ती म्हणाली आणि आत गेली.

आत्या आता एकोणऐंशी वर्षांची आहे. आतोबा परळच्या एका गिरणीत साचेखात्यात होते. भला माणूस, पण आकडा लावायचे. मुंबईचा मटका मुळात न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराच्या उघडत्या आणि मिटत्या भावांवर चाले. ते भाव १९६१ मध्ये बंद झाल्यावर आकडा मडक्यातल्या चिठ्ठ्यांतून, पुढे पत्त्यांतून निघू लागला. आतोबा आले ते पत्त्यांच्या काळात. आत्याच्या दोन पाटल्या त्यातच गेल्या. १९८२ च्या संपात गिरणी सुटली तेव्हा घरात विकण्यासारखे काही उरलेच नव्हते.

तेव्हा पेटीचे काम मी गॅलरीत, चादरीआड सुरू केले. माझे पदार्थविज्ञान मॅट्रिकला संपले. पण उतार आणि स्प्रिंग यांना त्याहून अधिक लागत नाही. प्रथम मऊ ब्रशाने धूळ काढली. पाटावरचा रंग पाण्याने सुटतो की काय हे कोपऱ्यात जरासे ओल्या कापसाने पाहून घेतले. पितळी खिळ्यांना बाटलीतले पॉलिश लावायचे नाही, कारण ते पाटावर उतरून पांढरे डाग पडतात. कापडाची पट्टी एकेका खिळ्याभोवती फिरवून घासत बसायचे. एका रविवारी चाळीस खिळे होत. खटक्याचा गंज रॉकेलने सोडवला. त्याला तेल दिले नाही. तेल धूळ धरते. मूळच्या गोळ्यांपैकी तीनच उरल्या होत्या, बाकीच्या नागदेवी स्ट्रीटवरच्या बेअरिंगच्या दुकानात मिळाल्या. पेटीच्या फुटलेल्या कोपऱ्याला आमच्या सुतारांनी सागाचे ठिगळ दिले आणि लाखेच्या पॉलिशचा हात फिरवला. मग पाणसळ ठेवून पेटी डावी-उजवीकडे सपाट केली आणि पहिली गोळी सोडली.

दोन आठवड्यांत माझ्या एक गोष्ट लक्षात आली. सर्वांत मोठ्या आकड्याच्या भोकात गोळी कधी पडतच नव्हती. भिंग घेऊन पाहिले. त्या भोकाच्या तोंडाशी असलेले दोन खिळे आतल्या बाजूला झुकलेले. आघाताने वाकले म्हणावे, तर दोघांचा कल अगदी सारखा, आणि बुंध्याशी पकडीचे दात उमटलेले. वाट बंद केलेली नव्हती. नुसती चिंचोळी केली होती. वाट बंद असती तर गिऱ्हाईकाने ओळखले असते.

“सरळ करून टाकतो, मास्तर. दोन मिनिटांचं काम,” सुतार म्हणाले.

मी त्यांना थांबवले. ठिगळ देणे वेगळे आणि हे वेगळे. शिकागोहून खिळे सरळ आले होते हे खरे. पण कुणा दुकानदाराने पकड उचलली, हेही या पेटीचेच चरित्र. कादंबरीकाराला असला पुरावा पुसवत नाही. न्यूयॉर्कमध्ये महापौर ला गार्डियाने १९४२ साली पिनबॉलवर बंदी आणली, हातोड्याने यंत्रे फोडली, ती हा खेळ नशिबाचा आहे म्हणून. ती बंदी उठली १९७६ मध्ये. रॉजर शार्प नावाच्या खेळाडूने नगरसभेसमोर, गोळी कुठल्या वाटेने जाईल हे आधी सांगून, खटका ओढून दाखवला. आपल्या १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्यातही निव्वळ कौशल्याच्या खेळाला सूट आहे. नशीब की कौशल्य, एवढाच सगळ्यांचा वाद. पकडीचे नाव कुणी काढत नाही.

आमचे बोलणे आत्याने ऐकले असावे. चादर बाजूला करून ती आली, भिंग मागितले, बराच वेळ वाकून पाहिले.

“म्हणजे मटक्यातही कुणी असंच वाकवलं असेल?”

मी म्हणालो, “आत्या, एकेरी आकडा लागला तर काय मिळायचं?”

“रुपयाला नऊ.”

मी वहीच्या कागदावर मांडून दाखवले. आकडे दहा. दहाही आकड्यांवर एकेक रुपया लावला, तरी हातात नऊच येणार. काही वाकवायची गरजच नाही.

तिने कागद हातात घेतला. ती चौथी शिकलेली आहे, पण हिशेबाला पक्की.

“मी त्यांना जन्मभर करंटे म्हटलं रे,” ती म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, “पण त्यांनाही हे मांडता आलं असतं. कागद होता घरात.”

मी काहीच बोललो नाही. मेलेल्या माणसाची बाजू घ्यावी की जिवंत बाईची, हे मला अजूनही ठरवता येत नाही.

खिळ्यांचा निर्णय तिनेच केला. सुतार पुन्हा आले तेव्हा म्हणाली, “राहू देत तसेच.” खाच मात्र चालू करायला हरकत घेतली नाही, अट एकच, खरे नाणे आत जाता कामा नये. म्हणून सुतारांच्या ओळखीच्या कारागिराकडून सात पितळी चकत्या कापून आणल्या. त्या आत्याच्या जुन्या अत्तराच्या डबीत असतात. रविवारी शेजारची मुले येतात, तेव्हा ती प्रत्येकाला एकेक मोजून देते आणि देताना त्या दोन खिळ्यांवर बोट ठेवून दाखवते.

मागच्या रविवारी शेजारची आठ वर्षांची मुलगी ओरडली. गोळी त्या चिंचोळ्या वाटेने गेली होती, मोठ्या भोकात बसली होती. आत्या उठून आली, काच नीट बसली आहे की नाही ते पाहिले, मुलीकडे पाहिले, डबी उघडली आणि दुसरी चकती तिच्या हातावर ठेवली.

“आता पुन्हा टाक,” ती म्हणाली.