मुक्काम पोस्ट लेवांतो

आई-बाबांना घेऊन इटलीच्या किनाऱ्यावर जायचं ठरलं आणि घरात दोन पक्ष पडले. बायकोला चिंक्वे तेर्रेच्या पाच गावांपैकीच एकात राहायचं होतं. खिडकीतून समुद्र दिसलाच पाहिजे! मला मात्र आईचे गुडघे दिसत होते. ही गावं डोंगरउतारावरची, निम्म्या गल्ल्या म्हणजे जिनेच. कोर्निल्याला तर स्टेशनवरून गावात चढायला ३८२ पायऱ्या! शेवटी लेवांतो ठरलं. बऱ्यापैकी सपाट गाव, वाळूचा किनारा, आणि पाचांतलं पहिलं मोंतेरोस्सो ट्रेनने जेमतेम पाच मिनिटांवर. फोटोत जरा साधं दिसतं, मान्य. पण मंडळी, मुक्काम निवडताना घरातल्या सगळ्यात हळू चालणाऱ्या माणसाचा विचार आधी करावा. नाहीतर "तुम्ही या जाऊन, मी बसते इथेच" हे वाक्य रोज ऐकावं लागतं.